चिंचेखालची जमीन

हैदराबादेत कोठीकडून मोअज्जम जाही मार्केटच्या दिशेला निघालं की वाटेत जामबाग लागतो. नाव बागेचं, पण आज तिथे बाग नाही. आहे ती दुकानांची दाटी, वर्षानुवर्षं शहराला हार-गजरे पुरवलेला फूलबाजार आणि मराठी माणसाच्या ओळखीची विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती उभी केली. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी, व्यापारासाठी राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांचा राबता सुलतान बाजार, कोठी आणि जामबागेत असायचा. राहणं शहरात आणि शेत गावाकडे, अशा घरांमध्ये कोणत्या झाडाशेजारी काय पिकतं नि काय पिकत नाही, हा गप्पांचा नेहमीचा विषय.

त्या गप्पांतलं सर्वांत बदनाम झाड जामबागेपासून लांब नव्हतं. मुसी नदीच्या दिशेने खाली उतरलं की इमलीबन लागतं. शहराचं मोठं बसस्थानक आज त्याच नावाने ओळखलं जातं. तिथून थोडं पलीकडे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक म्हातारी चिंच उभी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, सुमारे पंधरा हजार माणसं दगावली आणि नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. तेव्हा अफजल पार्कमधल्या या चिंचेच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसांनी जीव वाचवला. पुराने हादरलेल्या निजाम सरकारने पुढच्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून १९२०मध्ये उस्मानसागर आणि १९२७मध्ये हिमायतसागर हे तलाव पूर्ण झाले. चिंचेजवळ स्मृतिफलक लागला, आणि शहर दर सप्टेंबरात तिची आठवण काढत राहिलं.

माणसं वाचवणारं हे झाड रोपांच्या बाबतीत मात्र कंजूष म्हणूनच प्रसिद्ध आहे.

चिंचेखाली गवतसुद्धा धड वाढत नाही, हे दख्खनच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. चिंचेखाली झोपू नये, रात्री तिच्याजवळून जाऊ नये, तिच्यावर भुतं राहतात, अशा समजुती त्याच निरीक्षणाला चिकटल्या. ब्रिटिशकालीन नोंदींतही हा समज सापडतो: चिंचेखाली तंबू ठोकला तर झाडातून गळणाऱ्या आंबट दवाने कापड कुजतं, तिथे मुक्काम करणाऱ्याला ताप येतो. यातलं तापाचं आणि कापडाचं सोडून द्यावं, पण पानांत नि फळांत आम्ल भरपूर असतं हे खरंच आहे. चिंचेच्या आंबटपणाचा मोठा भाग टार्टारिक आम्लाचा, आणि फळात ते इतकं सापडावं अशी फळं थोडी.

गावकऱ्यांनी या झाडाला तोडलं नाही, त्याचा उपयोग बदलला. चिंचेखालची जमीन पिकाला देत नसत. ती माणसांना आणि जनावरांना दिली जाई. दुपारची गुरं तिथे बसत, बैलगाड्या सुटत, आठवड्याचा बाजार भरे. खाली तण नसल्याने चिंचा झोडपल्या की फळं वेचणंही सोपं जाई. स्वयंपाकघराला तर ती हवीच होती. मराठी घरात चिंच-गुळाची आमटी, हैदराबादी घरात मिर्ची का सालन आणि बघारे बैंगन, शिवाय उन्हाळ्यात फुटणारा कोवळा पाला, ज्याला हैदराबादेत चिगुर म्हणतात आणि जो गोश्तात शिजतो. जुन्या संस्कृत श्लोकात नरक टाळायचा असेल तर एक पिंपळ, एक कडुनिंब, एक वड, पाच आंबे आणि दहा चिंचा लावाव्यात असा हिशेब आहे. चिंचेचा आकडा या यादीत सर्वांत मोठा आहे.

हा श्लोक ज्या ग्रंथात सापडतो त्या ग्रंथाची आधुनिक कहाणी हैदराबाद-सिकंदराबादशी जोडलेली आहे. सुरपाल नावाच्या विद्वानाने साधारण हजार वर्षांपूर्वी ‘वृक्षायुर्वेद’ लिहिला. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होतं. ते बाहेर काढण्यामागे मुख्य हात होता वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांचा. पंतनगरला असताना, १९६६मध्ये, भाताला होणारा ‘खैरा’ हा रोग जंतूंचा नाही, मातीत जस्त कमी पडल्याचा आहे, हे नेन्यांनी दाखवून दिलं होतं. पुढे ते पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत आले. १९९४मध्ये त्यांनी सिकंदराबादला ‘एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशन’ स्थापन केलं आणि १९९६मध्ये संस्कृतच्या प्राध्यापक नलिनी साधले यांनी केलेला सुरपालाचा इंग्रजी अनुवाद त्या संस्थेने छापला. प्राचीन शेतीची पुस्तकं केवळ संस्कृतच्या अभ्यासकांकडे न ठेवता कृषिशास्त्रज्ञांपुढे टाकायची, हा नेन्यांचा आग्रह होता. पोथीतला उपाय शेतात करून बघावा आणि मगच त्यावर बोलावं, असं त्यांचं म्हणणं.

पोथ्यांमध्ये झाडांच्या शेजाराबद्दलचा सर्वांत नेमका विचार सुरपालाच्याही आधीचा आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि निदान बारा हात तरी असावं, असं तो सांगतो. हात म्हणजे अर्ध्या मीटरला थोडा कमी; म्हणजे वीस हात साधारण नऊ मीटर. कारणही तिथेच दिलं आहे: जवळजवळ लावलेल्या झाडांच्या फांद्या एकमेकींना लागतात, मुळं एकमेकांत गुंततात आणि त्रासलेली झाडं नीट फळत नाहीत. विषाचं, शापाचं किंवा भुताचं नाव नाही. वर फांद्यांची गर्दी आणि खाली मुळांची गर्दी, एवढ्यावर तो थांबतो. याच अध्यायात झाडं लावण्याआधी तिथे तीळ पेरून, फुलोऱ्यावर आल्यावर ते मातीत तुडवावेत असं आहे. आजचा शेतकरी ताग किंवा धैंचा गाडतो तसलाच हा प्रकार.

चिंचेसारख्याच बदनाम अक्रोडाची गोष्ट मात्र विषापासूनच सुरू होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात रोमन लेखक वारो याने नोंदवलं की बांधाला शेजाऱ्याने अक्रोड लावले तर आपल्या शेताची कड नापीक होते. शंभरेक वर्षांनी प्लिनीने अक्रोडाच्या सावलीला दोष दिला. ती माणसाच्या डोक्यालाही त्रास देते, असं त्याचं म्हणणं. हा युरोपातला, काश्मिरात पिकतो तोच अक्रोड. अमेरिकेच्या पूर्व भागात त्याचा एक भाऊ जंगलात वाढतो. त्याची फळं गडद कवचाची, त्यांची हिरवी साल हाताला लागली की हात दिवसच्या दिवस काळे राहतात, आणि लाकूड फर्निचरवाल्यांचं लाडकं. हा काळा अक्रोड शेतकऱ्यांना आणखी खोडकर वाटला. १८८१मध्ये विस्कॉन्सिनच्या बागायतदारांनी त्याच्याभोवती पिकं मरतात अशी नोंद छापली. १९२५मध्ये व्हर्जिनियाचे ए. बी. मॅसी यांनी काळ्या अक्रोडाच्या मुळांच्या टप्प्यात टोमॅटो आणि लसूणघास माना टाकतात हे दाखवलं.

गुन्हेगाराचं नाव आधीच ठाऊक होतं, फक्त त्याच्यावर आरोप व्हायचा होता. १८५६मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अक्रोडातून एक पिवळसर पदार्थ वेगळा केला होता. त्याला जुग्लोन म्हणतात. १९२८मध्ये ई. एफ. डेव्हिस यांनी टोमॅटो मारणारं विष तेच, असं सांगितलं. १९३७मध्ये व्हिएन्नाचे हान्स मोलिश यांनी एका वनस्पतीने रसायनांमार्फत दुसरीवर परिणाम करण्याच्या या प्रकाराला ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिलं. त्यानंतर काळ्या अक्रोडाच्या भोवती काय लावावं आणि काय लावू नये, याच्या याद्या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शेतीखात्यांनी छापायला सुरुवात केली. चिंचेलाही नंतर प्रयोगशाळेत आणलं गेलं. २००३च्या सुमारास जपानच्या त्सुकुबामधल्या संशोधकांनी चिंचेच्या मुळांचा आणि पानांचा अर्क दुसऱ्या रोपांवर वापरून पाहिला आणि तो त्यांची वाढ रोखतो असं दाखवलं. दख्खनच्या शेतकऱ्याला जे ठाऊक होतं त्यातला एक धागा प्रयोगशाळेत सापडला.

तरी एकच धागा. चिंचेची सावली दाट असते, मुळं दूरवर पसरतात, आणि पानगळीने जमिनीवर बारीक पाल्याचा थर साचतो. खाली रोप का मेलं, हे ठरवायचं तर यातलं कुठलं कारण किती हे वेगळं काढावं लागतं. ते काढणं किती अवघड असतं हे दख्खनने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन वेळा अनुभवलं.

पहिला अनुभव पुण्याचा. १९५६मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे शाखेतले आर. एस. राव यांनी एका परक्या तणाची नोंद केली. अमेरिकेतून आलेलं हे पार्थेनियम मराठी शेतकऱ्याच्या तोंडी गाजरगवत, काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी झालं. आयात गव्हाबरोबर ते देशभर पसरलं असं लोक सांगत. काही वर्षांत ते पुण्याच्या माळांवरून हैदराबादच्या रस्त्यांच्या कडेला पोहोचलं. याच्या बाबतीत विष खरंच आहे: पार्थेनिन नावाचं रसायन शेजारच्या बियांचं उगवणं दाबतं, जनावरांना बाधतं, आणि परागांनी माणसाला त्वचेचे नि श्वासाचे विकार होतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे एम. महादेवप्पा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी यावर उलटा विचार केला. गाजरगवताला मारायला दुसरं विष फवारण्याऐवजी त्याच्या शेजारी टिकून त्याला हटवेल असं झुडूप शोधायचं. त्यातून टाकळ्याच्या भावकीतलं एक कॅसिया पुढे आलं. पावसाळ्याच्या तोंडी त्याचं बी टाकलं की ते जागा आधीच व्यापून टाकतं.

गाजरगवताला हटवणाऱ्या अशा झाडांच्या यादीत झेंडूही होता. झेंडू मुळात मेक्सिकोचा. दख्खनमध्ये तो दसऱ्याच्या तोरणापुरता ओळखीचा. पण त्याच्या मुळांतून पाझरणारी रसायनं टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरतात, म्हणून शेतकरी भाजीच्या वाफ्याभोवती झेंडूची रांग लावतात. हैदराबादेत दसऱ्याला मराठी घरं झेंडूचं तोरण बांधतात, तेलुगू घरांत बतुकम्मासाठी तंगेडूचीही फुलं लागतात. ही तंगेडू म्हणजे मराठीतलं तरवड. २०१४मध्ये वेगळं झालेल्या तेलंगणाने तंगेडूला राज्यफूल आणि जम्मीला राज्यवृक्ष केलं. जम्मी म्हणजे शमी. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याची पानं वाटतात, तिकडे जम्मीची. हा शमी चिंचेच्या अगदी उलट वागतो. मुळं सरळ खोल उतरतात, त्यामुळे वरच्या मातीतलं पाणी पिकाला राहतं. राजस्थानात त्याच्या भोवती बाजरी उघड्या शेतापेक्षा चांगली येते, आणि जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने याचा सविस्तर अभ्यास केला आहे. दसऱ्याच्या दिवशी पूजा मिळवणाऱ्या झाडाला शेतकऱ्याने शेतात जागा द्यायला धर्माबरोबर हे एक रोकडं कारणही होतं.

दुसरा अनुभव निलगिरीचा. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत हे ऑस्ट्रेलियन झाड दख्खनभर लावलं गेलं. नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी निलगिरी पीक म्हणून घेतली आणि तिच्या लाकडावर पैसे केले. कर्नाटकात मात्र आगडोंब उसळला. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी धारवाड भागातल्या कुसनूर इथे ग्रामस्थांनी गायरानावर लावलेली निलगिरीची रोपं उपटून तिथे दुसरी उपयोगी रोपं लावली. या आंदोलनाला ‘उपटा आणि लावा’ अशा अर्थाचं कन्नड नाव होतं. गाऱ्हाण्याचा रोख पाण्यावर, चाऱ्यावर आणि सामूहिक जमिनीच्या हक्कावर होता. तिच्या पानांतल्या तेलाने खाली काही उगवत नाही हा आरोपही त्यात मिसळला. नाशिकचा शेतकरी मालक होता, कुसनूरचा गावकरी नव्हता. झाड दोन्हीकडे एकच.

तिसरा अनुभव सुबाभळीचा, आणि तो हैदराबादेतच झाला. उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेचे संस्थापक मणिभाई देसाई यांनी १९७०च्या दशकात हवाईकडून आलेल्या उंच जातीच्या सुबाभळीचा प्रसार केला. जलद वाढ, जनावरांना पाला, चुलीला लाकूड, मातीला नत्र, असं सगळं एका झाडात. मग कुणीतरी विचार केला की सुबाभळीच्या ओळी लावाव्यात, त्या वेळोवेळी छाटाव्यात आणि मधल्या पट्ट्यात पीक घ्यावं. ओलाव्याच्या देशांत हे जमलं होतं. हैदराबादच्या कोरडवाहू शेतात जमेना. पट्ट्यातलं पीक ओळींच्या जवळ खुजं राहायचं. सावली? नत्राची पळवापळवी? की सुबाभळीच्या पानांतलं मायमोसीन हे रसायन? आरोपी तीन होते.

केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था आणि इक्रिसॅटमधल्या आर. पी. सिंग, सी. के. ओंग आणि एन. सहारन यांनी याचा छडा लावला आणि निष्कर्ष १९८९मध्ये छापले. युक्ती सोपी होती: सुबाभळीच्या ओळीजवळ जमिनीत उभा प्लास्टिकचा पडदा पुरायचा, म्हणजे झाडाची मुळं पिकाच्या पट्ट्यात येणार नाहीत. सावली तशीच राहील, वरून गळणारा पालाही तसाच राहील. थांबेल ती फक्त खालची शिरजोरी. एरंडी, चवळी आणि ज्वारीवर हे करून पाहिलं. पडद्याशिवायच्या पट्ट्यांत पीक घटलं, पडदा असलेल्या पट्ट्यांत ती घट नाहीशी झाली. म्हणजे पीक खुजं होत होतं ते मातीतल्या ओलाव्यासाठीच्या झुंजीत हरल्यामुळे. पावसावर जगणाऱ्या तेलंगणात आणि मराठवाड्यात याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच समजतो.

दहाएक वर्षांनी हाच खेळ काळ्या अक्रोडावर झाला. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात केरळहून गेलेले शिबू जोस आणि त्यांचे मार्गदर्शक गिलेस्पी यांनी अक्रोडाच्या ओळींमध्ये मका लावला आणि १९९८ ते २०००च्या दरम्यान निष्कर्ष मांडले. मातीत जुग्लोन सापडलं, पण झाडापासून दूर गेलं की त्याचं प्रमाण झपाट्याने उतरत होतं. पाण्यातल्या प्रयोगांत सोयाबीन मक्यापेक्षा त्याला जास्त बळी पडलं. आणि शेतात प्लास्टिकचा पडदा घातल्यावर मक्याचं घटलेलं उत्पन्न बऱ्याच अंशी परत आलं. ज्या अक्रोडाच्या कुळाला दोन हजार वर्षं विषारी म्हटलं, त्यातल्या या झाडाच्याही बाबतीत पाण्याच्या चोरीचा वाटा मोठा निघाला. हैदराबादच्या शेतातली पद्धत आणि अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातली पद्धत यांत फार अंतर राहिलं नाही. २०१९मध्ये वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी तर याद्यांचा पायाच तपासला. त्यांच्या मते बागेत अक्रोडाशेजारी रोप मरण्याचा दोष जुग्लोनवर ठेवण्याइतका शेतातला पुरावा भक्कम नाही.

मराठी शेतीत कशाशेजारी काय लावायचं ही निवड कागदावर उतरण्याआधी हाताने ठरत आली आहे, आणि तिचा उत्तम नमुना पानमळ्यात दिसतो. सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यात आरग, बेडग आणि नरवाड ही गावं खायच्या पानांसाठी नावाजलेली. विदर्भात अंजनगाव सुर्जीची पानं तशीच. पानवेल एकटी उभी राहत नाही. तिला आधार हवा, सावली हवी, पण इतकी नको की पान पिवळं पडेल. म्हणून आधी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांची लागण होते आणि ती उंच झाली की वेल चढवली जाते. शेवरी, हादगा आणि पांगारा ही शेंगा धरणारी झाडं. त्यांच्या मुळांवरच्या गाठी मातीत नत्र साठवतात आणि विरळ पानांतून ऊन गाळून खाली येतं. पानमळेवाल्याने चिंच किंवा आंबा पानवेलीच्या आधाराला निवडला नाही. त्याला जुग्लोनचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

कोकणात नारळ-पोफळीच्या बागेत हेच जरा वेगळ्या रीतीने चालतं. उंच नारळ ऊन वरच्या मजल्यावर अडवतो, पण त्याच्या पानांतून पुरेसं ऊन खाली गळतं आणि मुळं बुंध्याभोवतीच्या थोड्या जागेत असतात. मग नारळावर मिरवेल चढते, मोकळ्या जागेत जायफळ आणि दालचिनी येते, तळाशी हळद आणि सुरण. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने या मांडणीला आकार दिला आणि ती ‘लाखी बाग’ म्हणून लोकांपुढे आली. तिथे प्रश्न विषाचा नसतो, उन्हाच्या वाटणीचा असतो.

आता हैदराबाद-पुण्यातून अमेरिकेत गेलेल्या मराठी घराच्या मागच्या अंगणात उभ्या असलेल्या काळ्या अक्रोडाकडे यावं. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, न्यू जर्सी या राज्यांत असं अंगण सहज वाट्याला येतं. पहिल्या उन्हाळ्यात लावायची पहिली भाजी म्हणजे टोमॅटो, वांगी आणि मिरची, आणि शेजारचे म्हणतात इथे नेमक्या याच जगत नाहीत. विद्यापीठांच्या याद्यांत टोमॅटो, वांगं, ढोबळी मिरची आणि बटाटा या सगळ्या एकाच कुळातल्या भाज्या अक्रोडाच्या मुळांच्या टप्प्यात नाजूक ठरतात. कोबी, सफरचंद, ब्लूबेरी, अझेलिया, चीड हेही वाईट. म्हणजे भरल्या वांग्याचं आणि टोमॅटोच्या साराचं मराठी ताट पहिल्याच फटक्यात अडचणीत येतं. उलट कांदा, मका, घेवडा, बीट, गाजर, भोपळा आणि कलिंगडाच्या जातीचे वेल तग धरतात, तर फुलांत झिनिया आणि झेंडू टिकतात असं बहुतेक याद्या सांगतात. याद्या एकमेकींशी पुष्कळदा जुळत नाहीत. एकीत चालतं म्हटलेलं झाड दुसरीत चालत नाही, कारण यातल्या बऱ्याच नोंदी कुणाच्या तरी बागेतल्या एखाद्या उन्हाळ्यावर उभ्या आहेत.

झाडाच्या बुंध्यापासून पंधरा ते पंचवीस मीटरपर्यंतची जमीन हा धोक्याचा भाग धरला जातो. मुळं फांद्यांच्या सावलीच्या बाहेरही जातात. झाड पाडलं तरी जमिनीतली मुळं कुजेपर्यंत त्याचा परिणाम काही वर्षं राहतो. पालापाचोळा ढिगात नीट कुजवला की जुग्लोन काही आठवड्यांत विघटित होऊन जातं, पण ताजा भुगा वाफ्यावर पसरू नये. घोड्यांच्या तबेल्यात या लाकडाचा भुगा अंथरला की घोडे लंगडतात, म्हणून अमेरिकेत घोडेवाले तो टाळतात. मिरची-टोमॅटो हवेतच असतील तर ते उंच वाफ्यात किंवा मोठ्या कुंडीत, तळाला मुळं वर येऊ न देणारा जाड कापडाचा थर घालून लावले जातात. हे हैदराबादच्या शेतातल्या प्लास्टिकच्या पडद्याचंच घरगुती रूप आहे. त्यानेही रोप मेलं तर मग मात्र पाण्याची चोरी सोडून सावलीकडे किंवा वरून पडणाऱ्या पाल्यातल्या रसायनाकडे बोट दाखवायला जागा उरते. जगलं तर आरोप मुळांवर जातो, मग तो पाण्याच्या ओढाताणीचा असो की मुळांतल्या रसायनाचा.

जामबागेकडे आज हा प्रयोग करायला जमीनच उरलेली नाही. फुलांचा मोठा घाऊक व्यापार गुडीमल्कापूरला गेला आणि बाजाराच्या जुन्या जागी किरकोळ गाडे राहिले. उस्मानिया रुग्णालयासाठी गोशामहल भागात नवी इमारत उभी करण्याचं काम हाती घेण्यात आलं. रुग्णालय हललं तरी १९०८ची चिंच जुन्याच आवारात राहणार, आणि तिच्याखालच्या जागेत काय लावायचं हा प्रश्न ज्या माळ्यापुढे येईल त्याने आधी एक पडदा पुरून पाहायला हरकत नाही.